नववा डाव ज्याच्या हाती



सर्वात मोठा कोण, हा वाद प्रेषितांनाही चुकला नाही. कफर्णहूमच्या वाटेवर ते आपसांत हाच वाद घालत होते आणि घरी पोहोचल्यावर प्रभूने विचारले, तेव्हा सगळे गप्प बसले. लूक तर सांगतो की शेवटच्या भोजनाच्या रात्रीही हा विषय पुन्हा निघाला. प्रभूने त्या वादासाठी कोणाला दूर लोटले नाही. त्याने मोठेपणाचे माप मात्र बदलून दिले.

आज आम्ही असाच एक वाद घेऊन आलो आहोत. तो अमेरिकेतल्या बेसबॉलचा आहे. सामना संपवण्यासाठी शेवटी येणाऱ्या पिचरला तिकडे 'क्लोजर' म्हणतात. आजवरच्या क्लोजरमध्ये सर्वश्रेष्ठ कोण? आमच्या धर्मग्रामातल्या एका घरचा मुलगा न्यू जर्सीत नोकरी करतो. सुट्टीत आला की तो हा विषय काढतो. आता आमच्या स्वयंसेवकांच्या गटात, ज्यांनी बेसबॉलचे मैदान कधी पाहिलेले नाही अशी माणसेही या वादात हिरिरीने बोलतात. चिंतनाच्या पानावर हे कशाला, असे तुम्हाला वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण वाद जसजसा रंगला, तसतसे लक्षात आले की आपण खेळाबद्दल कमी आणि सेवेबद्दल जास्त बोलत आहोत.

शेवटी येणाऱ्याचे काम

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या मंडळींसाठी थोडे समजावून सांगतो. बेसबॉलच्या सामन्यात नऊ डाव असतात. प्रत्येक डावात दोन्ही संघांना एकेकदा बॅटिंग मिळते आणि तीन जण बाद झाले की बाजू बदलते. सामना सुरू करणारा पिचर साधारण शंभर चेंडू टाकून झाले की थकतो. सहाव्या-सातव्या डावाच्या सुमारास प्रशिक्षक त्याला बाहेर बोलावतात. एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात पुन्हा येऊ शकत नाही. मग बदली पिचर येत राहतात आणि आघाडी थोडीच असेल, तर नवव्या डावात क्लोजर येतो. तोवर तो कुंपणाआडच्या 'बुलपेन' नावाच्या जागेत वाट पाहत बसलेला असतो.

त्याने तीन जणांना बाद करायचे, एवढेच काम. आपल्या भाषेत सांगायचे तर शेवटची ओव्हर, हातात मोजक्या धावा आणि समोर पेटलेला फलंदाज. आघाडी टिकवून त्याने सामना संपवला, तर त्याच्या नावावर एक 'सेव्ह' लिहिला जातो. ढोबळमानाने नियम असा: आघाडी तीन धावांहून जास्त नसताना यायचे, किमान एक डाव टाकायचा आणि सामना संपवायचा. १९६९ सालापासून ही अधिकृत नोंद आहे. आघाडी हातची गेली, तर त्याचीही नोंद होते.

यात एक गोष्ट आमच्या मनाला फार लागली. सुरुवातीच्या पिचरने सहा-सात डाव घाम गाळून आघाडी मिळवून दिली आणि क्लोजरने ती घालवली, तर त्या पहिल्या पिचरच्या नावावर लागणारा विजयही पुसला जातो. तो बाकावर बसून पाहत राहतो. त्याला परत मैदानात येता येत नाही. म्हणजे क्लोजर स्वतःची कमाई राखायला येतच नाही. तो दुसऱ्यांच्या कष्टाची राखण करायला येतो.

'सेव्ह' या शब्दासाठी आपल्या ख्रिस्ती मराठीत किती भारी शब्द आहे, हे वेगळे सांगायला नको. तारण. एका खेळाच्या वहीत तो शब्द आकड्यासारखा लिहिला जातो, हे पाहून आमच्या गटातले एक निवृत्त गुरुजी आधी नाराजच झाले. त्यांची नाराजी पुढे कमी झाली. ती कशी, ते ओघात येईलच.

दावेदार

आता वादाकडे वळू. आमच्या गुरुजींचे मत गूज गॉसेजच्या बाजूने आहे. सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत खेळलेला हा पिचर आघाडी राखायला आला की अनेकदा दोन-दोन, कधी तीन डाव टाकत असे. त्याच्या नावावर ३१० सेव्ह आहेत. आजच्या क्लोजरना एकच डाव टाकून मोठेपण मिळते, आमचे काम अधिक कठीण होते, असे गॉसेज जाहीरपणे म्हणत आला आहे. मळ्यात सकाळपासून राबलेल्या माणसाचा हा सूर आहे आणि त्यात तथ्य आहे.

तरुणांना ट्रेव्हर हॉफमन आवडतो. लहानपणी, बाळ असतानाच त्याचे एक मूत्रपिंड काढावे लागले होते. व्यावसायिक खेळात आला तो शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे क्षेत्ररक्षक म्हणून. बॅट चालेना, तेव्हा त्याला पिचर केले. पुढे खांद्याच्या दुखापतीने वेगही गेला. तेव्हा त्याने फलंदाजाला चकवणारा संथ चेंडू घोटून घोटून तयार केला आणि त्याच्या जोरावर ६०१ सेव्ह केले. ५०० आणि ६०० हे दोन्ही टप्पे सर्वात आधी गाठणारा तोच.

आजाऱ्यांच्या भेटीला नियमाने जाणाऱ्या आमच्या मावशींचा कौल मात्र डेनिस एकर्स्लीला आहे. एकर्स्ली आधी सामना सुरू करणारा पिचर होता. दारूने त्याचे आयुष्य पोखरत आणले होते. १९८७ च्या सुरुवातीला त्याने उपचार घेऊन दारू सोडली, त्याच वर्षी ओकलंडच्या संघात गेला आणि तिथे क्लोजर झाला. १९९२ मध्ये त्याने ५१ सेव्ह केले आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम पिचर व सर्वात मोलाचा खेळाडू हे आपल्या लीगचे दोन्ही मान मिळवले.

पण मावशींचे कारण हे आकडे नाहीत. त्या १५ ऑक्टोबर १९८८ च्या रात्रीची गोष्ट सांगतात. वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना, नववा डाव, ओकलंड ४-३ ने पुढे. दोन जण बाद झाले होते. एकच जण बाद करायचा उरला होता. लॉस एंजेलिसच्या संघाने दोन्ही पाय दुखावलेल्या कर्क गिब्सनला फलंदाजीला पाठवले. तो लंगडत आला आणि एकर्स्लीच्या चेंडूवर त्याने होम रन मारून सामना जिंकला. अमेरिकेत तो फटका आजही दाखवतात. सामन्यानंतर एकर्स्ली मागच्या दाराने निघून गेला नाही. वार्ताहरांच्या गराड्यात तो उभा राहिला आणि त्यांचे प्रश्न संपेपर्यंत उत्तरे देत राहिला. "हरल्यावर तोंड चुकवत नाही, तो माणूस मला आवडतो," असे मावशी म्हणतात. आजाऱ्याच्या उशाशी बसून, औषधाचा आता उपयोग नाही हे कळल्यावरही त्या घरी जाणे न थांबवणाऱ्या बाईचे हे मत आहे. त्याला वजन आहे.

एकमताने

आकडे पाहिले तर वाद फारसा उरत नाही. न्यूयॉर्क यांकीजचा मारिआनो रिव्हेरा सर्वांच्या पुढे आहे. ६५२ सेव्ह हा विक्रम त्याच्याच नावावर आहे. हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, जिथे दडपण सर्वाधिक, तिथे आणखी ४२. या बाद फेऱ्यांत त्याने १४१ डाव टाकले आणि त्याच्या खात्यावर फक्त ११ धावा लागल्या. चंद्रावर आजवर १२ माणसे चालली, म्हणजे रिव्हेराविरुद्ध अशी धाव काढणाऱ्यांहून जास्त, असे बेसबॉलचे चाहते गमतीने सांगतात. १९९६ ते २००९ या काळात पाच वर्ल्ड सिरीज त्याच्या संघाने जिंकल्या, त्या सर्वांत तो होता.

२०१९ मध्ये त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतले, तेव्हा ४२५ पैकी ४२५ मते त्याला मिळाली. लेखकांच्या मतदानात असे एकमत त्याआधी कोणाच्याही वाट्याला आले नव्हते. विली मेज किंवा हँक आरॉन यांच्यासारख्या थोर फलंदाजांनाही नाही.

आणि इथेच खरी तक्रार सुरू होते. रिव्हेराने हंगामी सामन्यांत १९ वर्षांत मिळून सुमारे १२८३ डाव टाकले. सामना सुरू करणारा चांगला पिचर एका हंगामात २०० डाव टाकत असे. म्हणजे ज्याने त्यांच्या सहा-सात हंगामांएवढेच काम केले, त्याला सगळ्यांच्या वर बसवायचे?

वाचकहो, ही तक्रार आपण ऐकलेली आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याचे कामकरी हेच म्हणतात. दिवसभर उन्हात राबलेल्यांना जी मजुरी, तीच शेवटच्या एका तासासाठी आलेल्यांना. आपण हा दाखला ऐकतो, तेव्हा बहुतेक वेळा स्वतःला सकाळच्या कामकऱ्यांत मोजतो. पण शेवटच्या तासाला बोलावल्या गेलेल्या माणसाच्या जागी उभे राहून तो वाचला आहे का? दिवसभर बाजारात बसून राहिलेला तो माणूस. आपल्याला कोणी बोलावेल की नाही, हेही त्याला ठाऊक नाही. बुलपेनमध्ये आठ डाव बसून राहणाऱ्या माणसाला ते बसणे ठाऊक असते. आमच्या गटात यावर बराच वेळ शांतता होती. मग गुरुजी म्हणाले, "वाट पाहणे हेही कामच की." गॉसेजला त्यांनी सोडले नाही, पण आवाज खाली आला.

त्या रात्रीचे माप

रिव्हेरा पनामाचा. प्वेर्तो कैमितो या कोळ्यांच्या गावात वाढला. वडील मासेमारीच्या बोटीवर कप्तान होते. दुधाच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचे हातमोजे करून तो खेळायला शिकला. आपला विश्वास त्याने कधी लपवला नाही. ज्या चेंडूने तो प्रसिद्ध झाला, तो 'कटर', १९९७ च्या उन्हाळ्यात सोबत्याबरोबर सरावाला चेंडू फेकत असताना आपोआप वळू लागला. तो सरळ जावा म्हणून त्याने आणि प्रशिक्षकांनी खूप प्रयत्न केले. जमले नाही, तेव्हा त्याने तो वळणाराच चेंडू आपला केला. ती देवाची देणगी आहे असे तो सांगतो. पुढची सारी वर्षे मुख्यतः त्या एका चेंडूवर तो खेळला.

पण आम्हाला त्याच्याविषयी बोलायचे आहे ते त्याने हरवलेल्या सामन्यामुळे. ४ नोव्हेंबर २००१, फिनिक्स शहर. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याला दोन महिनेही झाले नव्हते आणि ते शहर आपल्या संघाकडे डोळे लावून बसले होते. वर्ल्ड सिरीजचा सातवा, शेवटचा सामना. यांकीज २-१ ने पुढे. त्याआधी बाद फेऱ्यांत रिव्हेराने लागोपाठ २३ सेव्ह केले होते. तो आठव्याच डावात आला आणि त्या डावात त्याने तिघांना चेंडूंवर चकवून बाद केले. मग नववा डाव. एक फटका. मग जमिनीलगत टोलवलेला एक हलका चेंडू त्याने स्वतः उचलला आणि दुसऱ्या बेसकडे भिरकावला, तो चुकीच्या दिशेने गेला. पुढे बरोबरी झाली. शेवटी लुइस गोन्झालेसच्या बॅटला जेमतेम लागलेला चेंडू, जवळ आणून उभ्या केलेल्या क्षेत्ररक्षकांच्या डोक्यावरून अलगद पलीकडे पडला. ॲरिझोना ३-२ ने जिंकले. सगळ्यांचे एवढ्या दिवसांचे कष्ट रिव्हेराच्या हातातून गेले, आणि तेही साऱ्या जगासमोर.

आठच दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, न्यूयॉर्कहून डोमिनिकन प्रजासत्ताकाकडे निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे विमान कोसळले. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण मरण पावले. यांकीज जिंकले असते, तर न्यूयॉर्कमध्ये विजयाची मिरवणूक निघाली असती आणि त्यांचा खेळाडू एन्रिके विल्सन त्यानंतर याच विमानाने घरी निघणार होता. हरल्यामुळे मिरवणूक नव्हती. तो आधीच निघून गेला आणि वाचला. हे कळल्यावर रिव्हेराने आपण हरलो याचे समाधानच व्यक्त केले, कारण त्यामुळे त्याचा मित्र हयात होता.

इथे जपून पाऊल टाकायला हवे. देवाने एका खेळाडूला वाचवण्यासाठी सामना हरवला, असे आम्ही म्हणणार नाही. त्या विमानात गेलेल्या २६० जणांच्या घरीही प्रार्थना होत असतील, आणि जिथे आपल्याला उत्तर ठाऊक नाही तिथे हात जोडून गप्प राहावे. आम्हाला दिसते ते एवढेच: आयुष्यातल्या सर्वात मोठ्या अपयशाकडे पाहताना त्या माणसाला स्वतःच्या नावाआधी मित्राचा जीव आठवला. प्रभूने प्रेषितांना जे माप दिले, ते याहून फार वेगळे नसावे.

आता एक हिशेब पाहा. रिव्हेराच्या ६५२ सेव्हपैकी ४३७ त्या रात्रीनंतरचे आहेत. हंगामी सामन्यांत त्याने ८० वेळा हातची आघाडी घालवली. २००४ मध्ये बॉस्टनविरुद्ध ऐन मोक्याच्या दोन सामन्यांत पुन्हा तेच झाले आणि पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला बॉस्टनच्या मैदानावर लोकांनी कुचेष्टेने त्याचा जयजयकार केला. तो हसला आणि त्याने टोपी उंचावून त्यांना अभिवादन केले. क्लोजरची खरी कसोटी ही असते. आज हरला, तरी उद्या कदाचित पुन्हा त्यालाच बोलावतील. कालचे ओझे घेऊन चेंडू टाकता येत नाही आणि काल घडलेच नाही असे म्हणताही येत नाही.

आणखी एक आठवण आमच्यासारख्या स्वयंसेवकांसाठी. २०१३ या अखेरच्या हंगामात रिव्हेरा ज्या ज्या शहरात खेळायला गेला, तिथे त्याने पडद्याआड काम करणाऱ्यांची मुद्दाम भेट मागून घेतली. तिकिटे तपासणारे, स्वयंपाकघरातले, मैदानाची निगा राखणारे. त्यांच्यासोबत बसून त्याने त्यांचे आभार मानले. मिनेसोटाच्या संघाने त्याला मोडक्या बॅटींची एक झुलती खुर्ची भेट दिली, कारण त्याच्या कटरने असंख्य बॅटी मोडल्या होत्या. खुर्चीचे आम्हाला हसू आले. त्या भेटींचे मात्र मनापासून कौतुक वाटले. कोणाला संत ठरवणे आमचे काम नाही. पण शेवटी येणाऱ्या माणसाने आधी राबलेल्यांची आठवण ठेवावी, हे शिकण्यासारखे आहे.

आमच्या हातातला डाव

आम्ही हे सगळे का लिहितो आहोत? महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींना ते सांगायला नको. इथे सीमाभागात मराठी मिस्सा सुरू राहावी म्हणून आमच्या आजोबा-आजींनी वह्यांत हाताने गीते उतरवून ठेवली. पेटी वाजवणारे शोधून आणले. मुलांना मराठीत प्रार्थना शिकवल्या. आज मुले कन्नडमधून किंवा इंग्रजीतून शिकतात. मराठी मिस्सेच्या बाकांवर पांढरे केस वाढत आहेत. "आमच्या हातात येऊन हे बंद पडले, तर मागच्यांना काय तोंड दाखवायचे?" असे आमच्यातले एक काका परवा म्हणाले आणि पुढे त्यांना बोलवेना.

आठ डाव दुसऱ्यांनी खेळले. नववा आमच्या हाती आला आहे. ही भीती खोटी आहे असे आम्ही काकांना सांगितले नाही. बाक रिकामे आहेत, ते दिसतात. पण दोन गोष्टी या वादातून आम्ही घेतल्या. एक म्हणजे, ज्यांच्या कष्टाची राखण करायची, त्यांची नावे आठवून कामाला लागायचे. म्हणून त्या जुन्या वह्यांतली गीते आम्ही फोनवर टाइप करून ठेवू लागलो आहोत. मुलांना मराठी वाचता आले नाही तरी ऐकून गाता यावे, म्हणून ती म्हणून रेकॉर्डही करतो. दुसरी गोष्ट म्हणजे, एखाद्या रविवारी चारच माणसे आली, तरी पुढच्या रविवारी पेटी उघडायची.

आता गुरुजींची नाराजी. त्या शेवटच्या बैठकीत त्यांनीच आम्हाला आठवण करून दिली की क्रुसाखाली जमलेल्यांनी प्रभूची थट्टा नेमकी याच शब्दावरून केली होती. इतरांना वाचवणारा हा स्वतःला वाचवू शकत नाही, अशी. पाहणाऱ्यांच्या वहीत ती संध्याकाळ पराभव म्हणूनच लिहिली गेली असणार. "तेव्हा वहीत काय लिहिले जाते, ते लिहिणाऱ्यांवर सोडा," गुरुजी म्हणाले. "तारण कोणाच्या हातात आहे, ते आपल्याला ठाऊक आहे. आपण फक्त आपला डाव टाकायचा."

सर्वश्रेष्ठ क्लोजर कोण, याचे उत्तर आमच्या बहुमताने रिव्हेरा. मावशी अजूनही एकर्स्लीवर ठाम आहेत आणि आम्ही त्यांना अडवत नाही. दोघांच्या नावामागे कारण मात्र एकच निघाले: हरल्याच्या दुसऱ्या दिवशी तो माणूस कसा वागला.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू, ज्यांनी आमच्याआधी या मळ्यात घाम गाळला, त्यांची आठवण आमच्या मनात जागी ठेव. उशिरा बोलावलेस तरी बोलावलेस, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. जे आमच्या हाती दिले आहेस, ते जपण्यासाठी हात स्थिर दे. ते निसटले, तर लपून बसण्याची इच्छा आमच्यापासून दूर कर आणि पुन्हा बोलावशील तेव्हा उठून येण्याचे बळ दे. आमेन.